तारीख आणि निरोप
(संस्थेच्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)





आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. दवाखान्याची पुढची तारीख रुग्णाच्या मोबाइलवर संदेश पाठवून आठवण करून दिली, तर रुग्ण त्या तारखेला येतो काय? इतक्या साध्या प्रश्नावर व्याख्यान कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु ज्या घरात क्षयरोगाचा रुग्ण आहे, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आयुष्यभर चालू आहे, सून गरोदर आहे किंवा नातवाचे लसीकरण राहिले आहे, त्या घरात या प्रश्नाचे मोल किती आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा आजारांत आणि अवस्थांत एका इंजेक्शनाने काम भागत नाही. उपचार म्हणजे तारखांची एक साखळी असते आणि तिची एक कडी निसटली की पुढचे सगळेच ढिले होते.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आपली 'घाटी'. केवळ शहरातूनच नव्हे, तर सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठणपासून ते जालना, बीड, परभणीपर्यंतचा गोरगरीब रुग्ण येथे येतो. बाह्यरुग्ण विभागात नंबर लावायचा, केस पेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचे, औषधे घ्यायची आणि निघताना केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून दिलेली पुढची तारीख घेऊन घरी जायचे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो आणि पिशवी खुंटीला लागते. पुष्कळदा ती तारीख इंग्रजी आकड्यांत, घाईघाईने लिहिलेली असते. घरात वाचणारे कोणी नसेल तर ती तेथेच राहते.

मित्रहो, या तारखेला एवढे महत्त्व कधीपासून आले, याचा थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. पूर्वी क्षयरोग्याला महिनोन्महिने आरोग्यधामात ठेवत. तेथे तारीख चुकण्याचा प्रश्न नव्हता, कारण रुग्ण तेथेच असे. परंतु गरिबांसाठी तेवढ्या खाटा या देशात कधीच नव्हत्या. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले आणि एक महत्त्वाचा प्रयोग झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषधे दिली गेली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून उपचार घेणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांसारखेच बरे होतात, असे त्यातून सिद्ध झाले. या निष्कर्षाने जगभरातील क्षयरोग उपचाराची दिशा बदलली. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. रुग्ण घरी गेला म्हणजे दवाखाना आणि रुग्ण यांना जोडणारा धागा एकच उरला, तो म्हणजे पुढची तारीख.

आज साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढू लागते आणि माणसाला वाटते, आपण बरे झालो. येथेच धोका असतो. अंगातले सगळे जंतू मेलेले नसतात. औषध मध्येच सोडले की उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि औषध अर्धवट, तुटक घेत राहिले तर त्या औषधाला दाद न देणारा क्षय होऊ शकतो. तो बरा करणे अधिक कठीण असते आणि तो घरातल्या लेकराबाळांनाही होऊ शकतो. रक्तदाबाचे तर त्याहून फसवे. त्यात काही दुखतच नाही. तारीख चुकली तरी त्या दिवशी काही बिघडत नाही. बिघडते ते काही वर्षांनी, अर्धांगवायूच्या रूपाने.

आता संदेशाकडे वळू. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. या साधनाचा उपयोग दवाखान्याच्या तारखांसाठी करावा, ही कल्पना लवकरच पुढे आली आणि तिची तपासणीही झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा ८ प्रयोगांतील ६,६१५ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. ज्यांना काहीच आठवण करून दिली नव्हती, त्यांपैकी सुमारे ६८ टक्के रुग्ण तारखेला आले. ज्यांना मोबाइलवर संदेश गेला, त्यांपैकी सुमारे ७९ टक्के आले. ज्यांना माणसाने फोन केला, त्यांपैकी सुमारे ८० टक्के आले. म्हणजे शंभरात अकरा माणसे केवळ एका संदेशाने वाढली. संदेशाचा खर्च काही पैशांचा आहे. एवढ्या स्वस्तात एवढा लाभ देणारे साधन हाताशी असताना ते न वापरणे शहाणपणाचे नाही.

पण या आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संदेश मिळूनही शंभरातील एकवीस माणसे आलीच नाहीत. त्यांना तारीख कळली नव्हती असे म्हणता येणार नाही. मग ती का आली नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला तीन देशांतील तीन प्रयोग उपयोगी पडतात. पहिला आफ्रिकेतील केनिया देशातला. तेथे एचआयव्हीचे औषध घेणाऱ्या ५३८ रुग्णांवर प्रयोग झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना दवाखान्यातून आठवड्याला एकच संदेश जाई. त्यांच्या स्वाहिली भाषेत 'कसे काय?' एवढाच. रुग्णाने दोन दिवसांत 'बरे आहे' किंवा 'अडचण आहे' असे कळवायचे. अडचण कळवली, किंवा काहीच कळवले नाही, तर दवाखान्यातून फोन येई. संदेश मिळणाऱ्यांत औषध नियमित घेणारे ६२ टक्के निघाले, तर इतरांत ५० टक्के.

दुसरा प्रयोग पाकिस्तानात, कराचीत झाला. तेथे २,२०० हून अधिक क्षयरोग्यांचा त्यात समावेश होता. निम्म्यांना रोज संदेश जाई आणि औषध घेतल्यावर रुग्णाने उलट संदेश किंवा मिस्ड कॉल द्यायचा असे. २०१६ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे ८३ टक्के होते. तिसरा प्रयोग आपल्याच देशात, दक्षिण भारतात, एचआयव्हीच्या ६३१ रुग्णांवर झाला. दर आठवड्याला यंत्राकडून फोन आणि चित्रसंदेश जाई. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्याचाही काही लाभ दिसला नाही.

एकाच प्रकारच्या साधनाने एका ठिकाणी गुण यावा आणि दोन ठिकाणी येऊ नये, याचे कारण काय असावे? रुग्ण वेगळे, देश वेगळे, हे खरेच. परंतु माझ्या मते एक फरक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. कराचीत आणि दक्षिण भारतात यंत्र आठवण करून देत होते. केनियात संदेशामागे एक माणूस होता आणि 'अडचण आहे' म्हटल्यावर तो ती ऐकून घेत होता. विसरणाऱ्याला आठवण पुरते. अडचणीत असलेल्याला आठवण पुरत नाही. त्याला विचारपूस लागते.

आपल्या वस्तीतील अडचणी कोणत्या, हे आपणच नीट जाणतो. त्या मी चार भागांत मांडतो.

पहिली अडचण रोजगाराची. कामगार नाक्यावर उभे राहून काम मिळवणारा बांधव घाटीत गेला की त्याचा पूर्ण दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत कायम असलेल्या आणि राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत वेतनाच्या सत्तर टक्के लाभ मिळू शकतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात त्याहून अधिक. नाक्यावरच्या मजुराला यातले काहीच नाही. आजारपणात किंवा बाळंतपणात मजुरी बुडणे हा केवळ त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न नव्हे, हा विचार आपल्याला नवीन नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता आणि १९२९ साली तो कायदा झाला. तीच दृष्टी ठेवली, तर तारीख चुकवणाऱ्या मजुराला 'बेजबाबदार' म्हणण्याआधी त्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब आपण करू. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. ही रक्कम बँक खात्यात येते. ती मिळते की नाही, हे विचारणाराही कोणी हवा.

दुसरी अडचण स्थलांतराची. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हा हंगामही साधारण सहा महिन्यांचा आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. ऑक्टोबरात औषध सुरू झालेल्या माणसाला नोव्हेंबरात 'उद्या तारीख आहे' असा संदेश गेला, तेव्हा तो दोनशे किलोमीटर दूर फडात असतो. त्याला आठवणीची गरज नसते. त्याचा उपचार तेथील जवळच्या आरोग्य केंद्रात वर्ग करून हवा असतो. सरकारच्या 'नि-क्षय' नोंदणीत प्रत्येक क्षयरोग्याला क्रमांक मिळतो आणि त्यावरून उपचार दुसरीकडे वर्ग करता येतो. पण निघण्यापूर्वी ते कोणीतरी सांगितले पाहिजे. बाळाच्या लसींचेही तसेच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस कोणत्याही सरकारी लसीकरण केंद्रात घेता येते. फक्त माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असावे.

तिसरी अडचण फोनची आणि वाचनाची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. त्यांतीलही सुमारे ७१ टक्के स्त्रियांनाच संदेश वाचता येत होता. हिशेब केला तर शंभर स्त्रियांतील अवघ्या ३८ जणींपर्यंत लेखी संदेश पोहोचतो. बाकीच्यांचा फोन नवऱ्याजवळ किंवा मुलाजवळ, तोही कामावर. शिवाय रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद होतात, सिमकार्ड बदलते आणि दवाखान्यात लिहिलेला नंबर जुना होतो.

म्हणूनच आपल्या राज्यात काही ठिकाणी लेखी संदेशाऐवजी आवाजाचा मार्ग धरला गेला. मुंबईतील 'आरमान' ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केली. तिच्या 'एममित्र' उपक्रमात गरोदर स्त्रीला तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळी, फोनवर आवाजी निरोप येतो आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत हे चालू राहते. केंद्र सरकारची 'किलकारी' योजनाही याच पद्धतीची आहे. तिच्यात असे ७२ निरोप आहेत. तरीही काही स्त्रिया हळूहळू फोन ऐकणे सोडून देतात, असे 'एममित्र'मध्ये दिसून आले. तेव्हा संगणकाच्या साहाय्याने कोण सोडून देण्याच्या बेतात आहे याचा अंदाज घेऊन आरोग्य सेविकांनी नेमक्या त्याच स्त्रियांना फोन केले. सुमारे २३,००० स्त्रियांच्या या प्रयोगात ऐकणे सोडण्याचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. येथेही शेवटी फोन माणसानेच केला. यंत्राने फक्त कोणाला करावा ते सांगितले.

चौथी अडचण लाजेची आणि भीतीची. क्षय किंवा एचआयव्ही म्हटले की घरमालक खोली रिकामी करायला सांगेल, सोयरीक मोडेल, ही भीती खोटी नाही. ज्या फोनला घरातील पाच जणांचे हात लागतात, त्यावर आजाराचे नाव असलेला संदेश पाठवणे म्हणजे त्या माणसाचे गुपित चव्हाट्यावर मांडणे होय. एचआयव्ही-बाधितांविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्याने संमतीशिवाय अशी माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. केनियातील दवाखान्याने 'कसे काय?' एवढेच विचारले, त्यातील शहाणपण येथे ध्यानात येते.

आणखी एक बाब विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात; देवनागरीत मात्र ७० च. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण आणि मधली मोकळी जागा हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. त्याहून मोठा संदेश दोन संदेशांचा धरला जातो आणि खर्च वाढतो. कदाचित यामुळेही पुष्कळ संदेश इंग्रजीत येत असावेत. पण ७० अक्षरांत मराठी निरोप बसत नाही असे नाही. हा नमुना पाहा:

'उद्या सकाळी ९ वा. घाटीत तारीख आहे. कार्ड आणा. अडचण असल्यास फोन करा.'

हा मजकूर ६७ अक्षरांचा आहे. त्यात आजाराचे नाव नाही, रुग्णाचे नाव नाही, आणि अडचण सांगायला वाट ठेवली आहे. मात्र मोठ्या संस्थांचे जे घाऊक संदेश नंबराऐवजी इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात, त्यांना उलट उत्तर देता येत नाही, फोनही करता येत नाही. म्हणून असा निरोप ओळखीच्या माणसाच्या फोनवरून गेला, तरच शेवटच्या वाक्याला अर्थ राहील.

येथे आपल्या संस्थेचे काम सुरू होते. मी चार सूचना मांडतो.

एक : प्रत्येक वस्तीत एक तारीखवही ठेवावी. ज्यांची इच्छा असेल त्यांनीच नाव द्यावे. वहीत फक्त नाव, तारीख, जाण्याचे ठिकाण, फोन नंबर आणि फोन करण्याची सोयीची वेळ लिहावी. आजार कोणता, हे विचारू नये आणि लिहूही नये. वही कपाटात, एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी.

दोन : आठवण दोनदा करावी. तीन दिवस आधी, म्हणजे मजुराला मुकादमाला सांगून ठेवता येईल आणि भाड्याची सोय करता येईल. आणि आदल्या संध्याकाळी, केस पेपर व कार्ड काढून ठेवण्यासाठी. ज्यांना वाचता येते त्यांना संदेश, ज्यांना येत नाही त्यांना फोन, आणि फोन लागत नसेल तर दारात जाऊन निरोप.

तीन : प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा, 'काही अडचण आहे का?' अडचण सांगितली तर ती आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवावी, पण रुग्णाची परवानगी घेऊनच. औषधाबाबत आपण सल्ला देऊ नये. तो डॉक्टरांचा अधिकार आहे.

चार : दवाखान्यांकडे नम्रपणे पण निक्षून मागणी करावी. तारीख मराठीत, ठळक आकड्यांत लिहावी. तारीख देताना 'या दिवशी तुम्हाला जमेल का?' असे विचारावे. आणि तारीख चुकलेला रुग्ण परत आला तर त्याच्यावर ओरडू नये. एकदा चारचौघांत अपमान झालेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याला कितीही संदेश पाठवले तरी ते वाया जातात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आज फोन आहे आणि तुम्हाला मराठी लिहिता-वाचता येते. ज्या पिढीला शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्या पिढीच्या केस पेपरवरची तारीख वाचून दाखवणे हे तुमच्या शिक्षणाचे पहिले देणे समजा. आज घरी गेल्यावर खुंटीवरची पिशवी काढा. आजी-आजोबांची, आई-वडिलांची, शेजारच्या मावशींची पुढची तारीख वाचा आणि ती त्यांना मोठ्याने सांगा. तारीख उलटून गेलेली असेल तर त्यांना दोष देऊ नका. का राहिली, ते विचारा आणि येत्या सोमवारी त्यांच्यासोबत जा.

उपचार तुटला म्हणून आपल्या वस्तीतील एकही माणूस जाऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.

जयभीम!